बत्तीस फ्रेम जास्त

ऋताला त्या मंगळवारी एकच काम होतं. आलेला डबा उघडायचा, आतली फिल्म पुसायची, स्कॅनरवर चढवायची आणि पाचच्या ठोक्याला घरी जायचं. पण अंधेरीच्या एमआयडीसीत साधं काम साधंच राहिलं असं गेल्या अकरा वर्षांत एकदाही झालं नव्हतं. तिने ती आशाही केव्हाच सोडली होती.

जुन्या फिल्मच्या डिजिटल प्रती काढून देणारी ती लॅब एका औद्योगिक गाळ्यात, तळमजल्यावर मागच्या अंगाला होती. खिडकी नाही. शेजारी मसाल्यांचं पॅकिंग, त्यामुळे सोमवारी हळद आणि गुरुवारी हिंग फुकटात नाकात. बाहेर रस्ता खणलेला, तो कोणी आणि कशासाठी खणलाय हे खणणाऱ्यांनाही ठाऊक नसावं. आणि या सगळ्याचा मालक शौनक, वयाने ऋतापेक्षा सहा वर्षांनी लहान, स्वभावाने उंटावरचा शहाणा. "दोन मिनिटांचं काम आहे गं" हे त्याचं पालुपद. त्याची दोन मिनिटं म्हणजे ऋताचे दोन दिवस.

अकरा वाजता देवेश आला. तिशीचा, विक्रोळीला राहणारा, पाठीवर ऑफिसची बॅग. त्याने पत्र्याचा चपटा डबा दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला.

"झाकणावरचं वाचा ना, मॅडम."

पेन्सिलीने इंग्रजीत लिहिलं होतं: धाकू, १९४४.

"धाकू म्हणजे माझे पणजोबा. धाकू मेस्त्री. आजीचे वडील. मालवणकडचे सुतार होते, लढाईत विमानदलात भरती झाले. त्या विमानांचा मागचा भाग लाकडाचा आणि कापडाचा असायचा म्हणे, म्हणून सुतार लागायचे. तिकडे ब्रह्मदेशाच्या सीमेवर गेले आणि तिथेच वारले. तापाने. घरी तार आली. त्यानंतर तीन महिन्यांनी आजी जन्मली."

"म्हणजे त्यांनी वडिलांना..."

"पाहिलेलंच नाही. फोटोसुद्धा नाही घरात."

पणजोबा होते त्या विमानतळावर एका गोऱ्या अधिकाऱ्याकडे सिनेमाचा छोटा कॅमेरा होता आणि त्यात रंगीत फिल्म. त्या काळात अशी फिल्म मिळणं म्हणजे दुर्मीळच. अलीकडेच त्याच्या नातसुनेला माळ्यावर हा डबा सापडला. विमानदलातल्या जुन्या माणसांच्या नातेवाइकांचा इंटरनेटवर एक गट आहे, तिथे देवेशने पणजोबांचं नाव टाकून ठेवलं होतं. बाईने नाव जुळवलं आणि डबा कुरिअरने पाठवून दिला.

"आजीचा एक डोळा गेलाय, मॅडम. दुसऱ्यातही मधोमध काळा डाग आहे, फक्त कडेकडेचं दिसतं. डॉक्टर म्हणतात, तेवढी नजरही महिनाभर राहील की नाही सांगता येत नाही. शुक्रवारी तिला घेऊन येतो. तिला तेवढा चेहरा दिसू दे... बाकी काही नको."

ऋताने एक नियम केला होता. गिऱ्हाइकाच्या आजीआजोबांसाठी विरघळायचं नाही. प्रत्येक डब्यात कोणाचा तरी आजोबा असतोच, आणि तो बहुतेक वेळा लग्नात जेवत असतो. पण चार वर्षांपूर्वी तिचे स्वतःचे वडील गेले होते आणि त्यांचे तिच्याकडे हजारभर फोटो होते. "बघते," ती म्हणाली, आणि असं म्हणाल्याबद्दल लगेच स्वतःवरच वैतागली.

फिल्म चांगल्या स्थितीत होती. तिने ती टेबलावर मोजून घेतली. पावणेअठ्ठ्याण्णव फूट. या मापाच्या फिल्मला फुटाला चाळीस फ्रेम, म्हणजे तीन हजार नऊशे दहा. वहीत नोंद केली आणि स्कॅनर सुरू केला.

पुढची काही मिनिटं ती वैतागायचं विसरली, हे मान्य करायलाच हवं. लढाई म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सगळं काळंपांढरं उभं राहतं, जणू त्या माणसांच्या वाट्याला आकाशसुद्धा करडंच आलं होतं. इथे आकाश निळंशार होतं. हिरव्या राहुट्या होत्या, कल्हईच्या मगातला चहा होता. एक वैमानिक पंखाला आरसा अडकवून दाढी करत होता आणि कोणीतरी काही बोललं म्हणून हसत होता. धावपट्टीकडेने एक हत्ती ओंडका ओढत गेला. विमानांवरची वर्तुळं गडद निळी, आत फिकट निळी. जपान्यांचं चिन्ह लाल, तेव्हा चुकून आपलीच माणसं गोळी घालतील म्हणून त्या भागातल्या विमानांवर लाल रंग ठेवत नसत, हे ऋताला कामातून ठाऊक होतं. शेजारच्या पडद्यावर रंगांचा आलेख चालू होता. त्यातला लाल कोपरा पहिल्यापासून शेवटपर्यंत मोकळा होता.

शेवटच्या दृश्यात एका विमानाचं नाक आणि त्याच्यापुढे कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा असलेला, खाकी अर्ध्या चड्डीतला एक काटकुळा माणूस. चिंधीने हात पुसत होता. तेवढ्यात फिल्म संपली. तीन हजार नऊशे दहा.

"तोंडच नाही ना दिसत!" देवेशला क्लिप पाठवली तेव्हा तो फोनवर रडकुंडीला आला.

"मी काय करू? १९४४ साली जाऊन त्यांना वळा म्हणून सांगू?" ऋता म्हणाली आणि फोन ठेवल्यावर तिला वाईट वाटलं.

ऋता प्रत्येक रीळ तीनदा स्कॅन करायची. एक प्रत जपायला, एक रंगांसाठी, आणि तिसरी पहिलीशी ताडून बघायला. ही तिची शिस्त होती, शौनक त्याला खूळ म्हणायचा. दुपारी तिने दुसरी फेरी लावली. मोजणीचा आकडा आला तीन हजार नऊशे बेचाळीस.

बत्तीस फ्रेम जास्त. जुना चावीचा कॅमेरा सेकंदाला सोळा फ्रेम घ्यायचा, म्हणजे बरोबर दोन सेकंद.

तिने फिल्म उतरवली, परत टेबलावर मोजली. पावणेअठ्ठ्याण्णव फूट. तसूभरही जास्त नाही. मग पडद्यावर शेवटचे दोन सेकंद पाहिले. माणसाने चिंधी खिशात कोंबली आणि मान अर्धी वळवली होती. कान दिसत होता, गालाचं हाड दिसत होतं.

"शौनक, तुझ्या मशीनची वाट लागलीये."

"माझ्या मशीनला काही बोलायचं नाही हां," शौनक मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला. "नाचता येईना अंगण वाकडं. पहिल्या वेळी तूच आधी बंद केलं असशील."

अकरा वर्षं हे काम करणाऱ्या बाईला असं म्हणणं! ऋताने बुधवारी सकाळी आल्या आल्या चप्पलसुद्धा न काढता तिसरी फेरी लावली, केवळ त्याच्या तोंडावर आकडा फेकायला. तीन हजार नऊशे चौऱ्याहत्तर.

आता माणूस पूर्ण वळला होता. तेवीस-चोवीस वर्षांचा, मिशी नुकती राखलेली, पुढचे दात किंचित मोठे. हसत होता, पण फोटो काढून घ्यायची सवय नसलेली माणसं हसतात तसा, परवानगी मागत. त्याच्यामागे विमानाचा पंखा सुरू झाला होता. पाती दिसत नव्हती, दिसत होती फक्त हवेतली एक पुसट चकती. आणि फ्रेमच्या डाव्या कडेने एक हात आत आला होता. गोरा, मनगटावर घड्याळ. कॅमेरा धरणाऱ्याचा दुसरा हात. हाताची पाठ दिसत होती आणि बोटं पुढे झटकली जात होती... अजून, अजून थोडं.

संपूर्ण विमान आणि माणूस एका चौकटीत बसवायला माणूस विमानाजवळ हवा. फोटो काढणारा सगळीकडे हेच सांगतो. समोरचा ऐकतोही, कारण साहेब सांगतोय. माणसाने एक पाऊल मागे टाकलं. त्याच्या शर्टाचं टोक मागे, पंख्याकडे ओढलं जात होतं.

फिल्म संपली.

खोलीत पेट्रोलचा वास येत होता. शेजारच्या ग्राइंडरची घरघर भिंतीतून ऐकू येत होती, म्हणून ती तणतणत मसाल्यांच्या गाळ्यात गेली. तिथे कुलूप होतं. वॉचमन म्हणाला, मालक गावाला गेलाय, दोन दिवस बंद आहे.

तिथेच थांबायला हवं होतं. पण मशीनचा दोष की फिल्मचा हे न कळता काम सोडणं तिच्या रक्तात नव्हतं. शहाण्या माणसाचा हट्ट मूर्खाच्या हट्टापेक्षा वाईट. तिने चौथी फेरी लावली. चार हजार सहा. माणूस आणखी एक पाऊल मागे गेला होता. आता तो हसत नव्हता, कुतूहलाने हाताकडे बघत होता, नीट उभा आहे ना मी, असं विचारत असल्यासारखा. शेवटच्या फ्रेममध्ये तो आणि ती पुसट चकती यांत वीतभर अंतर होतं. चित्रात कुठेही लाल नव्हतं. पण शेजारच्या आलेखात लाल कोपऱ्यात एक ठिपका उमटला होता.

तिने देवेशला फोन लावला. "तुमचे पणजोबा कशाने गेले म्हणालात?"

"तापाने. तारेत तसंच होतं. का हो, मॅडम?"

"कोणी पाहिलं होतं त्यांना... नंतर?"

"नाही. तिकडेच केलं सगळं. काय झालं?"

"काही नाही. चेहरा मिळालाय. छान आहे चेहरा." आणि तिने फोन ठेवला.

एक फेरी. फक्त एक उरली होती, मग तो पंख्यात जाणार होता. तिने तिसऱ्या फेरीतला हसरा चेहरा मोठ्या कागदावर छापला, डबा कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावलं. देवेशच्या आजीला, नलिनीबाईंना, चेहरा हवा होता, चेहरा मिळेल. बाकीचं त्यांना दाखवायची गरज नाही, कोणालाच नाही. शौनकला तिने शांतपणे, एकदाही न ओरडता सगळं सांगितलं.

"फिल्म वाढते म्हणजे? रबर आहे का?" शौनक हसला. "दोन दिवस सुट्टी घे, ऋता. सीरियसली."

पालथ्या घड्यावर पाणी.

शुक्रवारी तीन वाजता ऋता कुरिअरवाल्याशी भांडून परत आली, तर मंडळी जमलेली. नलिनीबाई ठेंगण्या, ताठ, किरमिजी काठाची साडी, केसांत अबोलीचा तुरा. एक्याऐंशीच्या वाटत नव्हत्या. पडद्यासमोर बसल्या होत्या, पण तोंड भिंतीकडे. मधला डाग चुकवून कडेने बघायचं असलं की त्या अशाच बसत. टेबलावर छापलेला चेहरा तसाच पडला होता. आणि स्कॅनरवर रीळ फिरत होतं.

"हे काय केलंस?" ऋता दारातूनच म्हणाली.

"अगं, कपाटाची दुसरी चावी आहे ना माझ्याकडे," शौनक खुशीत म्हणाला. "आजी एवढ्या लांबून आल्यात, कागद काय दाखवतेस? ओरिजिनल चालताना बघू दे की त्यांना. कुठल्या लॅबमध्ये असं दाखवतात?"

पडद्यावर हत्ती ओंडका ओढत होता. वैमानिक हसला. चहा झाला. ऋता मशीनच्या बटणाकडे धावली, तर नलिनीबाईंनी तिचं मनगट पकडलं. सुतारणीचा हात होता तो.

"थांबव नको गो, बाय."

"आजी, ऐका माझं... पुढे चांगलं नाहीये..."

"एक्याऐंशी वर्सां थांबलंय."

माणूस पाठमोरा उभा राहिला. चिंधी खिशात गेली. मान वळली. देवेशने तोंडावर हात ठेवला. नलिनीबाई भिंतीकडे बघत होत्या आणि त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं. बाकी सगळे चेहरा बघत होते. त्यांना मात्र कडेचं दिसत होतं.

"त्येच्या पाठीमागे काय फिरता तां?" त्यांनी विचारलं.

"पंखा, आजी. विमानाचा," शौनक म्हणाला.

"आणि तो हात कसलो?"

उत्तर फक्त ऋताला देता आलं असतं. हात झटकला जात होता. माणसाने पाऊल मागे टाकलं. मग दुसरं. फ्रेम मोजणारा आकडा चार हजार सहाच्या पुढे सरकला. खोलीतली घरघर टेबलातून ऋताच्या कोपरात शिरत होती.

नलिनीबाई उठून उभ्या राहिल्या.

"बाबा! मागे जाव नको!" त्या आवाजाने शौनक दचकला. "मी तुजा चेडू... हंय ये. त्येचा आयकू नको, माझ्याकडे ये!"

माणूस थांबला.

त्याची नजर कॅमेऱ्यावरून हलली. डावीकडे सरकली, थोडी खाली आली, जिथे नलिनीबाई उभ्या होत्या तिथे. कोणी हाक मारली हे शोधणारे डोळे. मग त्याने पंख्याकडे पाठ ठेवूनच एक पाऊल पुढे टाकलं, आणखी एक, आणि सरळ चालत, कॅमेऱ्याच्या अंगावरून, चौकटीबाहेर निघून गेला.

"काय शॉट आहे यार!" शौनक म्हणाला. "त्या काळात! झकास!"

देवेश हुंदके देत हसत होता. त्या दोघांना वाटलं, फिल्ममध्ये पहिल्यापासून हेच होतं. तसं नव्हतं हे ऋताने सांगून काय उपयोग होता? आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला इतकं बरं वाटत होतं की शौनकलाही माफ करावं. नलिनीबाईंनी डोळे पुसले. देवेश हात धरायला आला, तर त्यांनी तो झिडकारला. "माका धरू नको. मी जातंय बराबर." आणि ज्या बाईला दारातून आत आणताना दोघांनी धरलं होतं, ती अंधाऱ्या व्हरांड्यातून न चाचपडता, मधोमध नाही तर जरा एका बाजूने, शेजारी कोणाला जागा ठेवून चालल्यासारखी निघून गेली.

शौनक त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेला. ऋता पडद्यासमोर बसली. तिने आधीच्या चारही फेऱ्यांच्या फाइल उघडल्या. एकीतही माणूस नव्हता. विमानाचं नाक होतं, गवत होतं, आणि त्याच्यापुढे रिकामी जागा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सुटला बिचारा. कोणाच्या तरी एका चौकटीसाठी गेला होता, आणि घरी ताप म्हणून कळवलं होतं साहेबलोकांनी.

मग तिने आजची, पाचवी फेरी परत लावली. शेवटपर्यंत बघायची राहिलीच होती.

माणूस निघून गेल्यावरही फिल्म चालू राहिली. पंख्याची चकती तशीच फिरत होती. डाव्या कडेचा हात क्षणभर लोंबकळत राहिला, गोंधळल्यासारखा. मग वर आला आणि परत झटकू लागला. पण आता हाताची पाठ दिसत नव्हती. तळवा दिसत होता. तळव्यावरच्या रेषासुद्धा दिसत होत्या. हात विमानाकडे नाही, पडद्याबाहेर खुणावत होता.

अजून. अजून थोडं.

ऋताने फाइल बंद करायला हात पुढे केला. माऊस हाताला लागेना. तिने खाली पाहिलं. तिची चाकांची खुर्ची टेबलापासून हातभर मागे आली होती. तिने पाय जमिनीला रोवले, टेबलाची कड पकडली, स्वतःला पुढे ओढलं. छापलेला चेहरा टेबलावरून घसरला आणि तिच्या खांद्यावरून मागे उडाला. एसी मागच्या भिंतीवर होता, वारा पाठीकडून यायला हवा होता. पण तिचे केस मात्र मागेच ओढले जात होते, आणि ती घरघर आता तिच्या पाठीमागून येत होती.

दार उघडून शौनक आत आला. त्याला काहीच जाणवत नव्हतं. तो शीळ घालत तिच्या खुर्चीशी येऊन उभा राहिला.

"अरे, पुढे अजून आहे? जरा मागे हो ना, मला पण बघू दे."

"नाही," ऋता म्हणाली. कड धरलेली बोटं पांढरी पडली होती. "शौनक... हात नको लावूस."

"दोन मिनिटं गं," शौनक म्हणाला, आणि हसत हसत त्याने तिच्या खुर्चीच्या पाठीला धरलं.